साक्ष द्यायला उभा राहिलो आणि दोन मिनिटांत बसलो

मागच्या महिन्यात रविवारच्या उपासनेत पास्टरांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. विषय त्यांनीच दिला, विश्वास आशा प्रीती, गेल्या पाच वर्षांत प्रभूने तुमच्यात काय बदल केला ते सांगा भाऊ. मी माईक घेतला, "प्रभूची स्तुती असो" म्हटलं आणि पुढे काही सुचेना, इकडचं तिकडचं दोन मिनिटं बोललो आणि खाली बसलो. आमच्याकडे साक्षेचा एक साचा ठरलेला असतो, आधी मी किती वाईट होतो, मग प्रभू भेटला, मग सगळं गोड झालं, आणि लोक हालेलुया म्हणतात. माझं अजून सगळं गोड झालेलं नाही त्यामुळे हालेलुयाची जागा कुठे येते तेच मला कळेना. माईकवर जमलं नाही ते इथे लिहितो, लांबेल थोडं.

मी नवापूर तालुक्यातला. घरात ख्रिस्ती विश्वास पणजोबांपासून, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले तेव्हापासूनचा, त्यामुळे मला विश्वास वगैरे शोधावा लागला नाही, तो शेतासारखा वाटणीत आला. बाप्तिस्मा झाला, लग्न चर्चमध्ये झालं, लग्नात कोणीतरी फ्रेम दिली, सोनेरी अक्षरात "विश्वास, आशा, प्रीती", ती भिंतीवर टीव्हीच्या वर लावली. बायबलमधला प्रीतीवरचा अध्याय, १ करिंथ १३ वा, मला तोंडपाठ होता, नाताळच्या स्पर्धेत बक्षीस पण मिळालेलं. एवढं सगळं असून मी माणूस कसा होतो ते पुढे येईलच.

धंदा पोल्ट्रीचा, अंड्यांचा. नवापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक ते रेल्वे स्टेशन जे अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे आणि दुसरी बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथेच निघाला, सॅम्पल भोपाळच्या लॅबला गेले, १८ तारखेला बातमी आली आणि मग लाखांनी कोंबड्या मारून पुरल्या. तेव्हा वडील नुकतेच गेलेले, शेड मी बघायचो, २६ वर्षांचा होतो. तेव्हा सगळं गेलं, मग हळूहळू परत उभं केलं, त्याबद्दल आत्ता जास्त सांगत नाही. त्यातलीच एक गोष्ट मी सोयीस्कर विसरलो होतो, तिच्याकडे नंतर येतो.

नंतर माझा चुलतभाऊ माझ्याबरोबर पार्टनर झाला. नाव नको, आम्ही त्याला धाकलाच म्हणतो, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. ४ हजार लेअर पक्षी, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या, निम्मे माझे निम्मे त्याचे, बँकेत जॉइंट खातं, कोणा एकाच्या सहीने पैसे निघतील असं. ते खातं उघडताना बँकेतल्या बाईने दोनदा विचारलं होतं, दोघांच्या सह्या ठेवायच्या का? मीच म्हटलं होतं नको, भाऊ आहे.

२०२१ च्या फेब्रुवारीत परत बर्ड फ्लू आला. आमचं शेड रोग निघालेल्या शेडपासून १ किलोमीटरच्या आत सापडलं, म्हणजे सगळ्या कोंबड्या मारायच्या. पीपीई किट घातलेली पोरं आली, खड्डा जेसीबीने आधीच खणलेला, चुन्याच्या गोण्या बाजूला रचलेल्या. मारण्याचं मी वर्णन करत नाही, मला ते लिहायचं नाही. नंतरची शांतता मात्र लक्षात राहिली. ४ हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये कायम एक कुरकूर चालू असते, फ्रीजच्या आवाजासारखी, ती आहे हे आपल्याला जाणवत पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने पाच वाजता शेडवर गेलो आणि दारात थांबलो, कानात काहीतरी बिघाड झाल्यासारखं वाटलं. पाण्याच्या निपलमधून एकेक थेंब पडत होता तो ऐकू येत होता.

काही महिन्यांनी नुकसानभरपाई खात्यावर आली आणि त्याच आठवड्यात धाकल्याने सगळी काढली आणि गुजरातमध्ये निघून गेला. माझ्या वाट्याचे १ लाख ४० हजार होते त्यात. फोन बंद. म्हातारी आई मागे ठेवून गेला, म्हणजे माझी काकी.

मग मी काय केलं तर एक वही केली. खरंच. घरात पोराची अर्धी भरलेली वही होती तिच्या मागच्या पानापासून सुरू केली आणि धाकल्याने मला आजपर्यंत काय काय केलं ते तारखेसकट लिहायला लागलो. १ लाख ४० हजार पहिल्या ओळीवर. मग २०१७ मध्ये फीडच्या दोन गोण्या परस्पर विकल्या ते. माझ्या पोरीच्या हळदीला उशिरा आला ते. लहानपणी माझी सायकल घेऊन विहिरीत पाडली ते सुद्धा लिहिलं, हसू नका. रात्री झोप यायची नाही, उठून एक ओळ टाकायची, की बरं वाटायचं. तेव्हा कोरोनामुळे चर्च बंद होती, उपासना मोबाईलवर, मी व्हिडिओ बंद ठेवून वही लिहायचो आणि इकडे गाणं चालू.

ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रार्थनास्थळं उघडली. पहिल्याच प्रभुभोजनाआधी पास्टरांनी तोच १३ वा अध्याय घेतला, मी मनातल्या मनात त्यांच्या पुढे पुढे म्हणत होतो. ते "अपकार स्मरत नाही" या शब्दांवर थांबले आणि म्हणाले की मूळ ग्रीकमध्ये हा शब्द हिशोबाचा आहे, दुकानदार खात्यावर मांडतो ना, तसा. प्रीती वाईटाचं खातं ठेवत नाही. मला वाटलं बायकोने यांना वहीचं सांगितलं. घरी येऊन तिच्यावर ओरडलो पण. तिला तर वहीचा पत्ताच नव्हता, ती म्हणाली कोणती वही?

त्या दिवशी मी प्रभुभोजनाचा प्याला पुढच्याला दिला, स्वतः घेतला नाही. लोकांना वाटलं तब्येत बरी नसेल. पास्टर आठवड्याने घरी आले, चहा झाला, मी सरळ सांगितलं की क्षमा वगैरे मला जमणार नाही, आधी पैसे आणू द्या त्याला. ते वाद घालत बसले नाहीत. फक्त बायबलच्या मत्तयमधलं एक वाचा म्हणाले, वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. मी वाचलं आणि मला आनंदच झाला. कारण तिथे लिहिलंय त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध असेल तर असं लिहिलेलंच नाही! म्हणजे मी सुटलो. हे मी पास्टरांना फोन करून सांगितलं सुद्धा, ते म्हणाले बरं, विचार करत राहा.

आता काकीचं. काकीला शुगर, उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झालेली ती चिघळत चाललेली. ती आमच्या मागच्याच घरात, एकटी. बायको रोज तिला नागलीची भाकर आणि डाळ पाठवायची, मी एकदा म्हटलं कशाला, ज्याने पैसे खाल्ले त्याची आई आहे. बायको साक्रीकडची, चिडली की अहिराणीवर येते. "पैसा तुम्हना भाऊनी खादा, तिनी नही खादा. तिले काबर उपाशी ठेवतस?" असं म्हणून ताटली माझ्याच हातात दिली आणि जा म्हणाली. मी गेलो. आणि पाय बघितला. वास येत होता, माशी बसलेली होती. आता जे बघितलं ते बघितलं नाही असं कसं म्हणणार. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बसवून चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं अंगठा वाचेल पण ड्रेसिंग रोज झालं पाहिजे, एक दिवस चुकवायचं नाही, आणि नर्सबाईंनी मला शेजारी उभं करून शिकवलं, कारण रोज येणं शक्य नव्हतं.

चार महिने मी ते ड्रेसिंग केलं. शेड रिकामं, काम नाही, वेळच वेळ होता, हे पण सांगितलं पाहिजे नाहीतर मी फार थोर वाटेन. सकाळी साडेसातला जायचं, हात धुवायचे, जुनी पट्टी सलाईनच्या पाण्याने भिजवायची, ती कोरडी ओढली तर नवीन आलेली कातडी निघून येते. मग हळूहळू सोडवायची, जखमेच्या आत पाण्याने धुवायचं, कडेने पुसायचं, मलम, गॉज, पट्टी. पहिल्या आठवड्यात दोनदा बाहेर जाऊन उलटी केली. आणि काकी! एक शब्द चांगला बोलली नाही. "हळू कर, ढोरं पुसतो का?" आणि रोजचं ठरलेलं, "धाकला असता तर त्याने हळू केलं असतं." हे ऐकून मी पट्टी जरा जोरातच बांधायचो. घरी येऊन वहीत लिहायचो. एके दिवशी तर काकीच्या नावाने वेगळं पान काढलं.

मला वाटायचं प्रीती म्हणजे आतून काहीतरी उमाळा येतो. मला तर कधीच आला नाही. मी तिच्या पायाशी बसून मनात तिच्या पोराला शिव्या देत होतो आणि हात गॉज कापत होते. पण तिसऱ्या महिन्यात काय झालं, सकाळी उठल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार पैशाचा यायच्या आधी अंगठ्याचा यायला लागला. कडा गुलाबी झाल्या असतील का, काल थोडं पाणी सुटलेलं ते थांबलं असेल का. एकदा लग्नासाठी धुळ्याला जावं लागलं तर मला तिथे जेवताना चैन पडेना, बायको बरोबर पट्टी बांधेल का. मी काही बदललो वगैरे असं मला जाणवलं नाही, उलट चिडच आली, की माझा राग कुठे गेला म्हणून. वही आठ दिवस उघडलीच नव्हती.

अंगठा वाचला. काकी आजपण चालते, थोडी लंगडत. थँक्यू म्हणाली नाही आणि मी पण वाट बघायचं सोडलं.

मग २०२२ च्या उन्हाळ्यात शेड परत सुरू करायचं म्हणून लोनसाठी जुने कागद काढले. पत्र्याची पेटी, त्यात वडिलांच्या लाल वह्या, आणि शेवटची माझी, २००६ ची. चाळता चाळता एका पानावर धाकल्याचं नाव. मजुरी ८ महिने, १,२०० प्रमाणे ९,६००. उचल ३,२००. बाकी ६,४००. आणि त्याच्यापुढे निळ्या शाईत लिहिलेलं, "नुकसानीत वळती". अक्षर माझं.

मी खालीच बसलो. २००६ ला तो आमच्या शेडवर मजूर होता, बावीस वर्षांचा, काकांचं छत्र नव्हतं. कोंबड्या मारल्या गेल्यावर मी त्याला म्हटलं होतं बाबा माझंच सगळं गेलं, तुला कुठून देऊ. त्यानंतर भरपाई मिळाली. मी फीडवाल्याचं दिलं, बँकेचं दिलं, आणि याची मजुरी एका ओळीत उडवून टाकली, आणि अशी उडवली की सोळा वर्षं मला आठवण पण राहिली नाही. सायकल विहिरीत पडली ती १९९१ ची गोष्ट मला आठवत होती!

त्या मत्तयच्या ओळीवरून मी पास्टरांना जो फोन केला होता तो आठवून अंगावर काटा आला. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काही असेल तर, होतं की.

आता इथे साक्षेच्या साच्याप्रमाणे मी रडलो पाहिजे. मी रडलो नाही, मी आधी हिशोब केला, १ लाख ४० हजार वजा ६,४००, तरी तोच मला देणं लागतो. तीन दिवस हेच चाललं डोक्यात. बायकोला वही दाखवली, तिने वाचली आणि काही बोलली नाही, डाळ निवडत बसली. तेवढं पुरलं.

काकीकडे त्याचा नवीन नंबर होता हे मला आधीपासून माहीत होतं, मी मागितला नव्हता. फोन केला तर तो आधी घाबरला, पोलिस आहेत का बरोबर असं विचारलं. तो गुजरातमध्ये व्यारा गावाकडे अंड्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. घरी यायला तयार नाही, म्हणून स्टेशनवर भेटायचं ठरलं. तो फेमस बाकडा आहे ना, अर्धा महाराष्ट्र अर्धा गुजरात, लोक सेल्फी काढतात, तो रिकामा होता म्हणून तिथेच बसलो. तो गुजरातच्या बाजूला मी महाराष्ट्राच्या, ठरवून नाही, तो तिकडून आला मी इकडून. अनाउन्समेंट चार भाषांत होत होती आणि आम्ही दोघं गप्प.

मी ६,४०० त्याच्या हातात दिले. म्हटलं २००६ ची तुझी मजुरी. त्याने नोटा मोजल्या, शांतपणे, थुंकी लावून, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि व्याज?" मला एवढा राग आला की कानशिलं तापली. आणि मग तो हसला, आणि मी पण हसलो, का ते माहीत नाही. म्हणाला, दादा मला वाटलं तू विसरला असशील. म्हटलं विसरलोच होतो. मग बराच वेळ काही नाही. भरपाईच्या पैशाचं मी काढलं नाही, त्यानेच काढलं, म्हणाला गाडीच्या हप्त्यात गेले, गाडी पण गेली. माफी मागितली असं म्हणता येणार नाही. "दीन मी" एवढंच म्हणाला, म्हणजे देईन. सुरतकडची पॅसेंजर आली, तो गेला.

मी घरी येऊन वही जाळली असं लिहायला बरं वाटलं असतं. पोराची वही होती, पुढच्या बाजूला त्याचा भूगोल होता. मी फक्त मागची पानं फाडली.

आशेचं कमी लिहितोय कारण तिची मजा तेव्हा कळत नाही. शेड चुना मारून, फवारून, रिकामं ठेवून, परवानगी घेऊन मग मी एक दिवसाची १ हजार पिल्लं आणली. लेअरचं पिल्लू अंडं द्यायला १८ ते २० आठवडे घेतं. साडेचार महिने तुम्ही फक्त खाद्य टाकता, लसी देता, लाइट बघता, बिल भरता, आणि हातात शून्य. त्यात दोनदा असं झालेलं की सगळं खड्ड्यात गेलं, त्यामुळे रोज सकाळी दार उघडताना पोटात गोळा. एखादं पिल्लू मान टाकून बसलं की मी घाबरून डॉक्टरांना फोन. पास्टरांना विचारलं, आशा आहे तर भीती का वाटते? ते म्हणाले बायबलमध्ये रोमकरांस पत्राचा ५ वा अध्याय बघा, संकटाने धीर येतो, धीराने शील, शीलाने आशा. हे शील म्हणजे पारखून खरं निघालेलं, तावून सुलाखून. मी म्हटलं म्हणजे आशा शेवटी आहे यादीत? मग मी आत्ता भीत भीतच दार उघडणार. हो म्हणाले, उघडत राहा. एवढंच. विसाव्या आठवड्यात पहिलं अंडं सापडलं, छोटंसं, लगोरीच्या दगडाएवढं, त्याच्यावर रक्ताची रेघ, पहिल्या अंड्यावर असते कधीकधी. ते मी काकीला नेऊन दिलं. म्हणाली एवढंसंच?

आणि विश्वास. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात ती यादी आहे ना, विश्वासात सात्त्विकतेची भर घाला, मग ज्ञान, इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम, शेवटी प्रीती. मी ती कायम जिन्यासारखी समजायचो, पहिल्या पायरीवर तर मी जन्मापासूनच आहे. प्रत्यक्षात माझा जिना उलटा निघाला. आधी हातांनी पट्ट्या बांधल्या, मग भीत भीत पिल्लं आणली, आणि विश्वास मला वाटतं आत्ता कुठे सुरू होतोय. आधी मी प्रार्थना करायचो ती प्रभूला अर्ज दिल्यासारखी, विषय, मागणी, आपला विश्वासू. आता पाच वाजता शेडच्या दारात उभा राहतो, आत कुरकूर चालू असते, ती ऐकतो, कधी कधी काही मागतच नाही. हे पास्टरांना सांगितलं तर ते साक्ष द्या म्हणाले, आणि मग ते माईकचं झालं.

धाकला २०२३ च्या नाताळला घरी आला तो राहिलाच. आतापर्यंत त्याने २२ हजार दिले, एकदम कधी नाही, हजार, दीड हजार असे. उरलेले देईल का माहीत नाही. आठवड्यातून तीनदा माझ्याकडे गाडी भरायला येतो, मजुरी त्याच संध्याकाळी हातात देतो, बाकी ठेवायची नाही असं मी स्वतःला लावून घेतलंय. जॉइंट खातं मात्र परत उघडलं नाही. बायको म्हणते बरोबर केलं, पास्टरांना मी विचारलेलं नाही.

परवा संध्याकाळी सात-सात ट्रेच्या थप्प्या लावून गाडी भरली, सहा थप्प्या, ४२ ट्रे. त्याने मोजून सांगितलं ४२, आणि मी मान हलवून परत पहिल्या थप्पीपासून मोजायला लागलो, सवय अजून गेलेली नाही. त्याने बघितलं. मला लाज वाटली पण मोजायचं थांबलो नाही, चौथ्या थप्पीवर होतो तेवढ्यात लाइट गेली. अंधारात तो म्हणाला, "थांब दादा, चुकशील," आणि खिशातून मोबाईल काढून माझ्यासाठी टॉर्च धरला.